सौंदत्तीची यल्लम्मा आणि देवदासी प्रतिबंधक कायदे

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्मेचे देवस्थान आहे. या देवीच्या नावाने मुली सोडण्याच्या, म्हणजे त्यांना देवीला वाहून देवदासी करण्याच्या, प्रथेवर राज्याने वेळोवेळी कायदे केले. धर्म आणि कायदा एकमेकांना कसे भिडतात, हे सीमाभागात या कायद्यांइतके ठळकपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. देवस्थान कानडी मुलुखात असले तरी मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रांना निपाणी, चिकोडी, खानापूरपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंतचे मराठी भाविक ‘उदं गं आई उदं’ म्हणत डोंगर चढतात.

मुलगी सोडताना तिला आंघोळ घालून कडुलिंबाचा पाला नेसवत, गळ्यात तांबड्या-पांढऱ्या मण्यांचे ‘दर्शन’ बांधत आणि हाती परडी देत. तिने पुढे जोगवा मागायचा, लग्न करायचे नाही. केसांत जट आली की ‘आईचं बोलावणं आलं’ असे समजून मुलगी सोडली जाई. सोडलेल्यांत बहुसंख्य मुली दलित घरांतल्या. श्रद्धेला व्यवहाराचीही जोड होती. मुलगा नसलेल्या घरात अशी मुलगी माहेरीच राही, रूढीने मुलासारखी वारस ठरे आणि म्हाताऱ्या आईबापांना सांभाळी. यांपैकी कितीतरी जणी पुढे मोठ्या शहरांतल्या वेश्यावस्तीत गेल्या.

शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये जोगत्या-मुरळी (देवाला सोडलेली मुले-मुली) प्रतिबंधक कायदा केला. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्यामुळे येथे मुंबई प्रांताचा १९३४ चा कायदा लागू होता. त्याने मुलगी सोडणे बेकायदा ठरवलेच, शिवाय देवदासीने केलेले लग्नही वैध मानले. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम २५ ने धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन ठेवले. सामाजिक सुधारणेसाठी कायदे करण्याचा राज्याचा अधिकारही त्याच कलमात आहे. धर्माचा गाभा कोणता, हे ठरवताना त्या धर्माची स्वतःची शिकवण पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ मध्ये म्हटले.

राज्य देवळापासून दूर उभे आहे, असे मात्र येथे समजू नये. सौंदत्तीचे देवस्थान सरकारच्या धर्मादाय खात्याच्या, म्हणजे मुजराईच्या, देखरेखीखाली चालते. भाविकांची सोय पाहणारे आणि त्यांच्या एका विधीला गुन्हा ठरवणारे राज्य एकच.

कर्नाटकाचा मूळ कायदा १९८२ चा. तो १९८४ पासून अमलात आला. विधी करणाऱ्याला, त्यात भाग घेणाऱ्याला वा चिथावणी देणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. गुन्हेगार आईबाप, पालक किंवा नातेवाईक असतील तर दोन ते पाच वर्षे. हेतू योग्यच, पण कायदा अडला तो नेमका येथे. तक्रार करायची तर मुलीने स्वतःच्या आईबापाला तुरुंगात धाडायचे, आणि साक्षीदार म्हणजे तिचेच भाऊबंद. डोंगरावर बंदोबस्त वाढला तसा विधी घराच्या चार भिंतींत शिरला. एखादी वयस्कर जोगतीण, म्हणजे पूर्वी देवीला सोडलेली बाई, गुपचूप दर्शन बांधते, त्याचा पुरावा कोठून आणायचा? महाराष्ट्राचा नवा कायदा तर २००५ चा आहे.

वारशाच्या कायद्याचा या प्रश्नाशी असलेला संबंध सहसा कोणी सांगत नाही. कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हिस्सा दिला, आणि मुलगी सोडण्यामागचे एक कारण तरी कागदावर संपले. ज्यांच्याकडे जमीनच नाही अशा घरांना त्याचा उपयोग थोडाच.

सरकारी पाहणीत १९९३–९४ मध्ये कर्नाटकभरात २२,८७३ देवदासींची नोंद झाली. सर्वांत परिणामकारक काम मात्र याच बायकांनी केले. सीतव्वा जोडट्टी यांना सात वर्षांच्या असताना देवीला सोडले होते. घटप्रभेच्या ‘मास’ या देवदासींच्या संघटनेचे काम त्यांनी पुढे नेले. गावोगावच्या माजी देवदासी कोणत्या घरात जट आली, कोणाच्या मुलीवर नजर आहे, हे पोलिसांच्या आधी ओळखतात आणि विधी होण्यापूर्वी दारात जाऊन बसतात. सीतव्वांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.