व्हायरलनंतरचा विकनेस

विषाणूचा ताप उतरून गेला तरी आठवडे, महिने, कधी कधी वर्षभर मागे राहणारा थकवा, विसरभोळेपणा, झोपेचा खेळखंडोबा, उभं राहिलं की चक्कर, वास-चवीची गडबड, छातीत धडधड, विनाकारण रडू येणं किंवा घाबरल्यासारखं होणं, या सगळ्याला मिळून व्हायरलनंतरचा विकनेस म्हणतात. डॉक्टर लोक पोस्ट व्हायरल सिंड्रोम म्हणतील, कोविडनंतरचा असेल तर लाँग कोविड, पण नागपुरात कोणालाही विचारा, "ताप तं गेला, पण विकनेस काही जाऊन नाही राहिला" हेच ऐकू येईल. शब्द तसा चुकीचा नाही, फक्त त्या एका पोत्यात अंगातली ताकद, डोक्यातला गोंधळ आणि मनातली धास्ती असं सगळंच कोंबलेलं असतं, आणि मग उपायही एकच ठरलेला, एक सलाईन, ताकदीची इंजेक्शनं आणि नारळपाणी. मेंदूला किंवा मनाला काही झालं असेल हे घरात कोणाच्या डोक्यातच येत नाही, आणि ज्याला झालंय तो स्वतःलाच आळशी समजायला लागतो.

नागपूर तापाच्या बाबतीत जुनं गाव आहे. १९६५ मध्ये शहरात तापाची मोठी साथ आली होती, पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आताची एनआयव्ही) रक्ताचे नमुने तपासले तर चिकुनगुन्या निघालाच, पण दोन पेशंटच्या रक्तात एक अगदी नवा विषाणू सापडला आणि त्याला इथल्याच चांदीपुरा या वस्तीचं नाव मिळालं. चांदीपुरा व्हायरस म्हणून जगभरच्या पुस्तकात जे नाव आहे ते आपल्याकडचं आहे, बऱ्याच नागपूरकरांना हे माहीतच नसतं. हा वाळूमाशीच्या चावण्यातून पसरतो, लहान मुलांच्या मेंदूवर जातो आणि एक-दोन दिवसांतच जीव घेऊ शकतो, २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलांना झाला त्यातली १८३ गेली. रेंगाळणाऱ्या त्रासाच्या यादीत तो फारसा येत नाही कारण तेवढा वेळच देत नाही.

रेंगाळणारा म्हणाल तर चिकुनगुन्या. ३२ वर्षं गायब राहून तो २००५-०६ मध्ये भारतात परत आला तेव्हा विदर्भात घरंच्या घरं आडवी झाली होती, आणि २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात पुन्हा तेच. नावच मुळात आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं, अर्थ साधारण वाकवून टाकणारा. सांधे धरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण हा मज्जासंस्थेवरही जातो हे कमी लोकांना ठाऊक आहे. २००६ च्या साथीतल्या पेशंटवर नागपूरच्याच सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये लिहिलंय, त्यात मेंदूची सूज सगळ्यात जास्त होती, शिवाय पाठीच्या कण्यातली नस आणि हातापायाच्या नसा बिघडलेलेही होते. आणि सहा महिने सकाळी उठताना गुडघा धरून बसावं लागलं, रात्री झोप नाही, दुकान बंद, तर माणूस उदास होणारच, तिथे विषाणूचं काम किती आणि दुखण्याचं किती हे वेगळं काढणं फार कठीण.

डास कुठून येतात ते वेगळं सांगायला नको, घरोघरी कूलर. मे महिन्यात जीव वाचवतो तो, आणि पाऊस सुरू झाला की त्याच्या टाकीतलं पाणी काढायचं राहून जातं, एडिस डासाला तेच साचलेलं स्वच्छ पाणी हवं असतं. डेंग्यूही त्याच डासाचा, आणि डेंग्यूनंतरचा थकवा-उदासी पण कित्येकांना महिनोन् महिने पुरते. जपानी मेंदूज्वराचं थोडं वेगळं, तो धानाच्या बांधीत वाढणाऱ्या डासांचा, म्हणजे भंडारा-गोंदियाकडचा भूगोल आला, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के जणांना कायमचं काहीतरी राहतं, फिट्स, बोलण्यात अडथळा, वागण्यात बदल.

ही काही कोविडने आणलेली नवी गोष्ट नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर अमेरिकेत कार्ल मेनिंगर नावाच्या मानसोपचार डॉक्टरने भ्रम-भास झालेल्या पेशंटच्या नोंदी छापल्या होत्या. त्याच काळात व्हिएन्नात फॉन इकोनोमो नावाच्या डॉक्टरने झोपेच्या मेंदूज्वराचं वर्णन केलं (१९१७), लोक दिवसेंदिवस झोपून राहायचे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांनी पार्किन्सनसारखा ताठरपणा आला. त्या झोपेचा फ्लूशी संबंध होता का हे आजही सिद्ध झालेलं नाही. मग १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलचा स्टाफ मोठ्या संख्येने आजारी पडला, थकवा, अंगदुखी, हातपाय लुळे, हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. आणि १९७० मध्ये दोन मानसोपचार डॉक्टरांनी एकाही पेशंटला न भेटता, फक्त जुने कागद वाचून, तो सगळा सामूहिक हिस्टेरिया होता असं जाहीर करून टाकलं, आजारी पडलेल्यांत नर्स म्हणजे बायका जास्त होत्या हा त्यांचा एक मुद्दा. बायकांच्या तक्रारीला नाटक म्हणायची सवय फक्त आपल्याकडची नाही तर.

कोविडमुळे हे सगळं मोठ्या प्रमाणात समोर आलं एवढंच. नागपुरात पहिला पेशंट ११ मार्च २०२० ला सापडला, दुसरी लाट २०२१ च्या एप्रिलमध्ये, बेड नाही, ऑक्सिजन नाही, घाटावर रांगा, ते आठवायची कोणालाच इच्छा नसते. लाँग कोविड हा शब्द कुठल्या डॉक्टरने नाही तर एलिसा पेरेगो नावाच्या इटालियन पुरातत्त्व संशोधक बाईने मे २०२० मध्ये वापरला, ती स्वतः पेशंट होती. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या केली की साधारण तीन महिन्यांनी दिसणारा, निदान दोन महिने टिकणारा आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावता न येणारा त्रास. ऑक्सफर्डच्या लोकांनी २,३६,३७९ पेशंटच्या नोंदी बघितल्या तर सहा महिन्यांत जवळपास ३४ टक्क्यांना मेंदूचं किंवा मानसिक काहीतरी निदान झालेलं होतं, यात आधीपासून त्रास असलेलेही आले. नंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासात दिसलं की उदासी-चिंतेचं प्रमाण एक-दोन महिन्यांत नेहमीवर येतं, पण डोक्यातलं धुकं, म्हणजे विसरणं, शब्द न सापडणं, ते लवकर निवळत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ७८५ जणांचे आधीचे आणि नंतरचे ब्रेन स्कॅन ताडून बघितले, तर कोविड झालेल्यांच्या वासाशी जोडलेल्या भागांत थोडी जास्त झीज दिसली, आणि त्यातल्या बहुतेकांचा आजार सौम्यच होता. "मनाचे खेळ आहेत" म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

होतं कशामुळे, तर एक कारण नाही. विषाणू गेल्यावरही प्रतिकारशक्ती शांत होत नाही, सूज राहते, कधी शरीर स्वतःच्याच नसांवर हल्ला करतं (गियाँ बारे सिंड्रोम त्यातलाच, पुण्यात २०२५ च्या जानेवारीत जो गाजला, पण तिथे मुख्य संशय जिवाणूवर होता), विषाणूचे तुकडे कुठे आतड्यात वगैरे दडून राहतात, शरीरात झोपलेले जुने विषाणू जागे होतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, आणि हृदयाचे ठोके-रक्तदाब आपोआप सांभाळणारी यंत्रणा गडबडते. शेवटचं नागपूरला फार भोवतं. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत ठोके मिनिटाला ३० ने वाढत असतील तर त्याला पॉट्स म्हणतात, अशा माणसाला उन्हाने अजून त्रास होतो, आणि इथे मे मध्ये पारा ४५ च्या वर. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुपारी दोनला भाजीच्या पिशव्या घेऊन ऑटोची वाट बघताना डोळ्यासमोर अंधारी आली की लोक लू लागली म्हणून मोकळे होतात.

डोक्यातलं धुकं म्हणजे वेड लागणं नाही, आणि दरवेळी डिप्रेशनही नाही. हिशेब करताना आकडा निसटतो, गॅसवर दूध ठेवलेलं विसरतं, बोलता बोलता शब्द सापडत नाही, फोनवर दहा मिनिटं बोललं की थकवा. आमच्या शेजारच्या मावशी चाळीस वर्षं वर्षभराचं लोणचं अंदाजाने घालायच्या, तापानंतरच्या उन्हाळ्यात त्यांनी मीठ दोनदा टाकलं आणि मग बसून रडल्या. सून म्हणाली, "वय झालं तुमचं, आई." वय एका महिन्यात होत नसतं.

यातली ओळखायची खूण म्हणजे श्रमाचा उशिरा येणारा फटका. आज बरं वाटलं म्हणून पूर्ण घर आवरलं, आज काही झालं नाही, उद्या-परवा मात्र माणूस आडवा. म्हणून "रोज थोडं थोडं वाढव, फुटाळा तलावावर चक्कर मार, घाम निघाला की बरं होईल" हा सल्ला अशा लोकांना उलटा पडतो, उपचार कसे करावे हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये क्रॉनिक फटीगसाठी (महिनोन् महिने न जाणाऱ्या थकव्याच्या आजारासाठी) व्यायाम ठरावीक पद्धतीने वाढवत नेण्याची शिफारस काढूनच टाकली. त्याऐवजी ताकद असेल त्याच्या आतच राहायचं, कामाचे तुकडे करायचे, दमण्याच्या आधी बसायचं. ज्यांना हा फटका बसत नाही त्यांना हळूहळू हालचाल फायद्याचीच.

तपासण्या आधी करून घ्याव्या, कारण विकनेसच्या नावाखाली बी ट्वेल्व्ह कमी, थायरॉइड, शुगर, रक्त कमी, टीबी काहीही लपलेलं असू शकतं. पायापासून वर चढत जाणारी अशक्तता, फिट, मान ताठणं, अचानक बरळणं, गिळताना त्रास असेल तर घरी बसायचं नाही, सरळ मेडिकल किंवा मेयो ही नागपूरची सरकारी हॉस्पिटलं, नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल. मनाचं दुखणं असेल तर इथे अडचण वेगळी असते, प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे पण त्याचं नाव शहरात शिवीसारखं वापरलं जातं, मग आधी नजर उतरवून होते, मग कोणीतरी बाहेरचं लागलंय म्हणतं. आयसीयूतून आलेल्याला किंवा लाटेत घरातलं माणूस गमावलेल्याला वर्षानंतरही ॲम्ब्युलन्सच्या आवाजाने घाम फुटतो, तो आजारच आहे आणि त्याला उपचार आहेत. घराबाहेर पडायची लाज वाटत असेल तर सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, मराठीत बोलता येतं, जीव द्यावासा वाटत असेल तर लगेच लावावा.

वासाचं मात्र घरीच करता येतं. कोविडनंतर कांदा, लसूण, मटण, कॉफी यांचा वास सडल्यासारखा यायला लागलेले पुष्कळ होते, सावजी रस्सा समोर आला की उठून जायचे, बाकीच्यांना वाटायचं नखरे. यावर वासाचा सराव म्हणून एक पद्धत आहे, गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, रोज दोन वेळा एकेक पंधरा-वीस सेकंद हुंगायचं, आणि नुसतं हुंगायचं नाही, तो वास पूर्वी कसा होता ते आठवायचं. निदान तीन महिने. घरातला ओळखीचा वास पण चालतो, डिसेंबरात संत्र्याची साल तर कुठल्याही घरात पडलेली असतेच.