जुनं कॅनो-सॅडल: तीन पिढ्या आणि एका शब्दाचा गुंता

कॅनो म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, आणि कॅनो-सॅडल म्हणजे खळाळात तिच्यात गुडघे टेकून बसायची बैठक. जुनं कॅनो-सॅडल शोधणाऱ्याचे पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा शब्दापायी. 'सॅडल' या एकाच नावाखाली तीन पिढ्यांच्या तीन वस्तू फिरतात: फोमचा आखूड उभा ठोकळा, त्यानंतरची पोकळ प्लॅस्टिकची बैठक आणि मग आलेलं लांबट फोमचं सॅडल. तिन्हींवर गुडघे टेकून मांड ठोकायची, म्हणून नाव एक पडलं. बोटीत बसवायची रीत मात्र सगळ्यांची एक नाही. ती उमगली नाही, की घरी घट्ट वाटलेली बैठक ऐन खळाळात सुटून येते.

कृष्णाकाठाला पाण्यावर बसणं शिकवायला नको. सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत माणसं ओळीने बसून वल्ही मारतात. पुरात गुळाच्या काहिलीतून पलीकडे जाणारा तळाला मधोमध बसतो, कारण वजन जितकं खाली तितकी काहील स्थिर. संथ पाण्याला एवढं पुरतं. खळाळात नुसतं तरून भागत नाही. तिथे बोट हवी त्या बाजूला कलवावी लागते, आणि कलवायची तर कंबरेखालचं अंग बोटीशी एकजीव झालेलं हवं. गुडघे टेकण्याची चाल झाडाच्या सालीच्या कॅनोइतकी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅल्युमिनियमच्या कॅनो आल्या, त्यांत रुंद बाक होते. गुडघे टेकले की पावलं या बाकाखाली जायची आणि बोट उलटली की तिथेच अडकायची. सॅडलचा जन्म समजून घ्यायला हा एक धोका लक्षात ठेवला तरी पुरे. मांड ठोकून बसलं की पावलं बैठकीच्या दोन्ही बाजूंना मोकळी राहतात, वर अडकवायला काही उरत नाही.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये स्लालम, म्हणजे खळाळात टांगलेल्या फाटकांमधून बोट नेण्याचा खेळ, पहिल्यांदा आला, त्याच्या शर्यती आउग्सबुर्गला झाल्या. पुढे हा खेळ ऑलिंपिकला परतला तो थेट १९९२ मध्ये. मधल्या वीस वर्षांत बंद डेकच्या (वरून झाकलेल्या) एकट्याच्या कॅनोत फोमचा ठोकळा आणि मांडीवरून आवळायचे पट्टे ही जोडी पक्की होत गेली. तीच पुढे उघड्या कॅनोत उतरली. त्याला कारण रॉयलेक्स. हा थराथरांचा पत्रा असतो: बाहेरून व्हिनाइलची कातडी, आत एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक आणि गाभ्यात फुगवलेलं एबीएस. दगडावर आपटून पोचा आला तरी तो पुष्कळदा मूळ आकारावर येतो, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याच्या कातडीला चिकट द्रव्य धरतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत साडेतीन-चार मीटरच्या रॉयलेक्सच्या सोलो कॅनो निघाल्या. त्यांच्या दोन टोकांना हवेच्या पिशव्या आणि मधे सॅडल असायचं. आज जुनं सॅडल म्हणून जे शोधलं जातं ते याच काळातलं.

आता शब्दाकडे. इंग्रजी बोलणाऱ्यांतही पहिल्या पिढीच्या ठोकळ्याला पेडस्टल म्हणायची पद्धत होती. सॅडल हे नाव नंतर रुळलं आणि मागच्या सगळ्यालाच चिकटलं. मराठीत गुंता आणखी वाढतो, कारण आपल्याकडे कॅनोइंग म्हटलं की आधी आठवते ती सपाट पाण्याची शर्यत. तिथे खेळाडू एका गुडघ्यावर बसतो आणि त्या गुडघ्याखाली फोमचा ठोकळा घेतो. हा ठोकळा गुडघ्याचा आहे, बैठकीचा नाही. तोही कधी सॅडल म्हणून पुढे केला जातो आणि घेणारा फसतो. काहींनी सॅडलला सरळ 'सीट' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा कयाकची पाय पसरून बसायची सीट समोर येऊ लागली.

मग 'खोगीर' म्हणावं का? या शब्दाला नाकं मुरडली जातात ती 'खोगीरभरती'मुळे. उगाच ठासलेला माल, असा त्याचा अर्थ झाल्याने वस्तू हलकी वाटते. पण पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी घोडी उभी असतात तिथे हा शब्द आजही कामाचा आहे. खोगीर म्हणजे भरीव गादी, तिला आत सांगाडा नसतो. जीन म्हणजे घडीव, ताठ, आकार धरून ठेवणारी बैठक. पोटाखालून आवळतो तो तंग. घोडेस्वारीतला हा भेद कॅनोत जसाच्या तसा लागू पडतो. लांबट फोमचं सॅडल म्हणजे खोगीर: भरीव, कापून बेतता येणारं, तळाला चिकटवून बसवायचं. पोकळ प्लॅस्टिकचं सॅडल म्हणजे जीन: साच्यात घडलेलं, कापता न येणारं, बोल्टने किंवा पट्ट्यांनी आवळून बसवायचं. मांडीवरच्या पट्ट्यांना तंग म्हणावं. तिन्ही शब्द घरचे आहेत आणि प्रत्येकातून बसवायची रीत आपोआप कळते. 'सॅडल'मधून ती कळत नाही, म्हणून या लिखाणात यापुढे खोगीर आणि जीन हेच शब्द येतील. शब्दांचा हा हट्ट हौसेचा वाटेल, पण त्यात बोट आणि गुडघे दोन्ही वाचतात.

उदाहरणच घ्या. 'सॅडल चिकटवायचं असतं' एवढं ऐकलेला माणूस प्लॅस्टिकचं जीन आणतो, त्याच्या तळाला आणि बोटीला कॉन्टॅक्ट सिमेंट (दोन्ही पृष्ठभागांवर लावून वाळवायचं चिकट द्रव्य) लावतो, वर वजन ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते घट्ट वाटतं. पण जीन पॉलिथिलिनचं असतं आणि पॉलिथिलिनवर नेहमीचं चिकट द्रव्य पसरत नाही, नुसतं कातडीसारखं वर बसतं. पहिल्यांदा बोट जोरात कलवली की जीन सालीसारखं सुटून हातात येतं, तेही मांडीवरचे तंग आवळलेले असताना. याच्या उलट चूकही होते. फोमचं खोगीर न चिकटवता नुसतं दोन आडव्या दांड्यांमध्ये ठासतात. फोम दबला की ते सैल पडतं आणि बोट कलवताना आधी खोगीर कलतं, मग बोट.

नव्या सहस्रकात साच्यात घडवलेल्या पॉलिथिलिनच्या आखूड कॅनो आल्या. त्यांत बैठक कारखान्यातूनच बसवलेली येते, कारण अशा बोटीच्या तळालाही काही चिकटत नाही. रॉयलेक्सचा कारखाना २०१३ मध्ये दुसऱ्या हातात गेला आणि नव्या मालकाने उत्पादनच थांबवलं. २०१४ नंतर नवा पत्रा मिळेना. पुढे कॅनडात टी-फॉर्मेक्स नावाचा तशाच बांधणीचा पत्रा निघाला, पण शिल्लक रॉयलेक्स बोटींची किंमत त्याने उतरली नाही. बोटी टिकल्या, त्यांतली खोगिरं झिजली. म्हणून जुन्या खोगिरांचा शोध सुरू झाला. आवड हे त्याचं कारण कमी आणि गरज जास्त.

साताऱ्या-सांगलीकडे हा शोध आणखी अवघड, कारण खळाळाच्या सोलो कॅनो मुळात मोजक्या. आंबेनळी घाट उतरून पोलादपूर-महाडमार्गे कोलाडला गेलं की कुंडलिकेचं पाणी मिळतं, पण तिथे राज्य राफ्टचं आणि कयाकचं. त्यामुळे बोट एकीकडून आणि खोगीर दुसरीकडून, असं जुळवावं लागतं. खोगीर कुरिअरने मागवताना एक हिशेब आधी करावा. ६० सेंमी लांब, २० रुंद, २० उंच खोगीर म्हणजे २४ लिटर. घनमीटरला ३२ किलोच्या फोमचं त्याचं खरं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं. पण कुरिअरवाले आकारमान धरतात. घनसेंटीमीटरला ५,००० ने भागलं की ४.८ किलो होतात आणि पैसे त्याचेच लागतात. वापरलेल्या फोमसाठी एवढा खर्च क्वचितच परवडतो. त्यापेक्षा जुन्या खोगिराचा कागदी साचा मागवावा: बाजूने, वरून आणि पुढून अशा तीन आकृत्या, प्रत्येकीवर मापं लिहिलेली. जुन्या खोगिराची खरी किंमत त्याच्या आकारात आहे. फोम इथेही मिळतो.

तो एक्सएलपीई (बारीक बुडबुड्यांचा घट्ट पॉलिथिलिन फोम) या नावाने पुणे-कोल्हापूरच्या इन्सुलेशन आणि पॅकिंगच्या व्यापाऱ्यांकडे शीटमध्ये विचारावा. पांढऱ्या, मोठ्या बुडबुड्यांच्या ईपीई या पॅकिंगच्या फोमशी त्याची गल्लत होते. अंगठ्याने जोरात दाबून सोडा. एक्सएलपीई लगेच वर येतो, ईपीईत खळगा उरतो. थर्माकोल तर घेऊच नये, कॉन्टॅक्ट सिमेंटच्या सॉल्व्हंटने तो विरघळतो. ५० मिमीची शीट असेल तर पाच थर एकावर एक चिकटवून २५ सेंमी उंची होते. मग लांब पात्याच्या सुरीने ढोबळ कापावं आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून मांडीला बेतावं.

उंचीवर एकमत नाही आणि होणारही नाही. साधारण १८ ते २३ सेंमी एवढा पट्टा चालतो. खाली बसलं की बोट स्थिर, पण घोटे आणि गुडघे अर्ध्या तासात बोलायला लागतात. पाऊल मोठं असेल तर २० च्या खाली ते बैठकीशेजारी नीट लोळतच नाही. आधी २३ ठेवावी, जमिनीवर ठेवून वीस मिनिटं गुडघ्यावर बसून पाहावं, मग संथ पाण्यात तरंगून पाहावं आणि सेंटिमीटर-सेंटिमीटरने उतरवावं. कापलेला फोम परत लावता येत नाही, हे सुरी उचलण्याआधी आठवावं. पुढे-मागे जागा ठरवायलाही तेच पाणी उपयोगी. खोगीर मध्यरेषेच्या थोडं मागे सैल ठेवून बसायचं आणि दुसऱ्याने काठावरून दोन्ही टोकं पाण्यापासून किती वर आहेत ते पाहायचं. बोट सपाट किंवा केसभर मागे दबलेली हवी. जागा ठरली की पेन्सिलीने तळावर खूण.

जुनंच खोगीर हाती आलं तर आधी तपासणी. कडेला बोट फिरवून भुकटी निघते का पाहावं, उन्हाने फोम वरून कुजतो. मधोमध बसका खळगा असेल तर वर १२ मिमीची पट्टी चिकटवून भागतं. खोगीर भिजवून दोन दिवस सावलीत ठेवल्यावरही जड लागलं तर पेशी फुटल्यात, ते सोडून द्यावं. जीन असेल तर बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा शोधाव्यात आणि हलवून आत पाणी डुचमळतं का ऐकावं.

बोटीत चिकटलेलं जुनं खोगीर काढताना घाई नडते. तळापर्यंत खरवडू नये. तळापासून दोन-तीन मिमी फोम ठेवून पातळ हॅकसॉच्या पात्याने आडवं कापत जावं आणि नवं खोगीर त्या जुन्या थरावरच चिकटवावं. फोमला फोम उत्तम धरतो आणि बोटीच्या कातडीला धक्का लागत नाही. अॅसिटोनने साफ करायचा मोह टाळावा, ते एबीएस विरघळवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं पुरे. हीट गन एका जागी धरली तर रॉयलेक्सचा गाभा फुगतो आणि तो फुगा परत बसत नाही.

चिकटवण्याची रीत साधी, ऋतू मात्र महत्त्वाचा. दोन्ही पृष्ठभागांवर एक पातळ हात मारून पूर्ण वाळू द्यावा. मग दुसरा हात, आणि तो बोटाला चिकटेनासा होईपर्यंत, दहा-वीस मिनिटं थांबावं. खोगीर पुढच्या कडेने खुणेवर टेकवून मागे लोळवत बसवावं. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. जून ते सप्टेंबर हे काम उघड्यावर करूच नये. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, साताऱ्याच्या पावसाळी हवेतली ओल त्यावर बसते आणि चिकट थर पांढुरका होतो. असा थर आठवडाभर घट्ट वाटतो, मग सुटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये दुसरा त्रास. गाडीच्या टपावर बोट उन्हात तापली की कॉन्टॅक्ट सिमेंट मऊ पडतं आणि तंग ओढलेले असतील तर तळाला चिकटवलेल्या, तंग अडकवायच्या डी-आकाराच्या कड्या सरकतात. टपावर बोट असताना तंग नेहमी सोडलेले असावेत.

खोगिराच्या तळाला आडवी एक पन्हळ कोरायला विसरू नये. दोन बोटं रुंद आणि एक बोट खोल पुरते. ती नसेल तर आलेलं पाणी एका बाजूला साठतं आणि बोट त्याच बाजूला ओढते.

तंग कधीही जुने वापरू नयेत, मग खोगीर कितीही चांगलं असो. नायलॉनचा पट्टा भिजला की ताणतो, पॉलिएस्टरचा कमी. उन्हाने पट्ट्याआधी शिवणीचा दोरा मरतो आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ५० मिमी रुंदीचा पट्टा आणि एका हिसक्यात सुटणारं बक्कल घ्यावं. बक्कलाची शेपटी मांडीच्या वर, ओल्या हाताला सापडेल अशी मोकळी सोडावी. चाचणी थोपलेल्या पाण्यात, बंधाऱ्यापासून बऱ्याच वरच्या अंगाला. बंधाऱ्याच्या खालच्या भोवऱ्यात कधीच नाही. दुसरा माणूस छातीभर पाण्यात बोटीशेजारी उभा हवा. तंग आवळून बोट मुद्दाम उलटी करायची आणि सुटून वर यायचं, आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग डोळे मिटून. तिन्हींपैकी एकदाही हात चाचपडला तर बक्कलाची जागा बदलायची आणि तिन्ही पुन्हा.