लॅब ग्रोन हिरा आणि अमेरिकन डायमंड, दोन्ही एक नाहीत हो

लग्नाची खरेदी निघाली की हल्ली कोणीतरी हमखास म्हणतंच, "लॅबचा हिरा म्हणजे शेवटी एडीच (अमेरिकन डायमंड) की, नाव तेवढं नवीन." साफ चूक. पण उलटा घोळही तितकाच चालतो, ऑनलाइन दोन-अडीच हजाराला "लॅब डायमंड रिंग" दिसते, आपण खूश, आणि खाली बारीक अक्षरात बघितलं तर "सिम्युलेटेड" लिहिलेलं. सिम्युलेटेड म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा, हिरा नव्हे.

एडी म्हणजे क्यूबिक झिर्कोनिया, बिलावर बऱ्याचदा नुसतं सीझेड असतं. झिर्कोनियम धातूचं ऑक्साइड, कार्बन त्यात औषधालाही नाही. (अमेरिकेचाही फार संबंध नाही, मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत १९७० च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव इन्स्टिट्यूटमध्ये बसवली गेली.) लॅब ग्रोन मात्र कार्बनच, स्फटिकाची रचना खाणीतल्या हिऱ्याचीच, कडकपणाही तोच, मोह्सच्या १ ते १० मापावर १०, एडीचा साधारण ८ ते साडेआठ. बनवायच्या दोन पद्धती आहेत. एचपीएचटीमध्ये जमिनीच्या पोटात असतो तसा प्रचंड दाब आणि तेराशे-पंधराशे अंश उष्णता देतात, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने हे १९५५ मध्ये जाहीर केलं होतं. सीव्हीडीमध्ये हिऱ्याचीच पातळ चकती, तिला सीड म्हणतात, बंद चेंबरमध्ये ठेवून मिथेन आणि हायड्रोजन सोडतात आणि त्यातला कार्बन तिच्यावर थरावर थर चढत जातो. सुरतेत याचं मोठं काम चालतं, २०२३ च्या बजेटमध्ये या सीडवरची कस्टम ड्युटी काढली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मोदींनी अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना जो साडेसात कॅरटचा हिरा दिला तोही लॅबमधलाच. तेव्हा "नकली" म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

आता ओळखायचं कसं. पाण्यात टाकून बघा वगैरे जे व्हिडिओ फिरतात ते सोडून द्या, दोन्ही बुडतात. हातोडीचा प्रयोग तर चुकूनही नको, हिरा कडक असतो पण विशिष्ट दिशेने फटका बसला की सरळ चिरतो. सुटा खडा असेल तर वजन बरंच काही सांगतं. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो, त्याच मापाचा एडी दीडपटीपेक्षाही जास्त भरतो कारण तो मटेरियलच जड आहे. एडीत इंद्रधनुषी रंग जरा जास्तच उडतात, आणि रोज वापरला की काही वर्षांत पैलूंच्या कडा झिजून खडा मंद दिसायला लागतो.

सराफाकडे पेनासारखा डायमंड टेस्टर असतो, खड्याला टेकवला की बीप वाजतो. हिरा उष्णता फार भराभर ओढून घेतो, टेस्टर तेवढंच तपासतो. एडी तिथे लगेच पकडला जातो. पण लॅब ग्रोनला तो वाजणारच, कारण तो हिराच आहे, आणि मॉइसनाइट म्हणून तिसरा एक खडा आहे, सिलिकॉन कार्बाइडचा, त्यालाही साधा टेस्टर फसतो. म्हणजे दुकानदाराने बीप वाजवून दाखवला आणि "बघा, नॅचरल आहे" म्हणाला तर त्याने नॅचरल असल्याचं काहीच सिद्ध केलेलं नाही. खाणीतला की लॅबमधला हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, सराफाच्या भिंगालाही सहसा नाही, त्याला हिरे तपासणाऱ्या लॅबमधली मशीन लागतात, जी हिऱ्यातला नायट्रोजन आणि वाढीच्या खुणा बघतात.

म्हणून सर्टिफिकेट. आयजीआय किंवा जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट असेल तर त्याचा नंबर त्यांच्या साइटवर स्वतः टाकून बघा, आणि हिऱ्याच्या कडेवर लेझरने बारीक कोरलेला नंबर भिंगातून दाखवायला सांगा, दोन्ही जुळले पाहिजेत. नुसता लॅमिनेट केलेला कागद कुठल्याही खड्यासोबत देता येतो. आणखी एक, जीआयए ऑक्टोबर २०२५ पासून लॅब ग्रोनला रंगाची आणि क्लॅरिटीची (आतून किती स्वच्छ आहे त्याची) अक्षरं देत नाही, फक्त प्रीमियम किंवा स्टँडर्ड म्हणतं, तेव्हा त्यांच्या नव्या रिपोर्टवर ईएफ-व्हीव्हीएस अशी रंग-क्लॅरिटीची अक्षरं दिसली नाहीत म्हणून घाबरू नका.

आणि हॉलमार्कचं. अंगठीवर ७५० आणि सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) आहे म्हणून आतला खडा खरा, असं समजणारे खूप लोक आहेत. हॉलमार्क फक्त सोन्याचा, ७५० म्हणजे १८ कॅरेट सोनं, खड्याबद्दल तो एक शब्द बोलत नाही. १८ कॅरेट सोन्यात एडी बसवला तरी हॉलमार्क तोच.

पैसे खरे जातात ते वजनात. एडीचे खडे जड, आणि मंगळसूत्राच्या पेंडंटमध्ये किंवा तोड्यात ते खच्चून भरलेले, बारा ग्रॅम ग्रॉस वजनात दोन ग्रॅम खडे असतील तर सोनं दहाच ग्रॅम, पण बिल बाराचं लावलं तर ते दोन ग्रॅम एडी तुम्ही सोन्याच्या भावाने घेतलेत. घडणावळ वर वेगळी. मोडायला गेलात की तोच सराफ खडे काढून वजन करणार.

लॅब ग्रोनचं दुखणं वेगळं आहे. घालायला उत्तम, पण गेल्या काही वर्षांत त्याचा भाव इतका खाली आलाय की गुंतवणूक म्हणून घेऊच नका, अडीअडचणीला विकू असं मनात असेल तर साधं सोनं घ्या. एडीची नथ किंवा कार्यक्रमापुरता सेट घेण्यातही वाईट काही नाही, एडीच्या किमतीत मिळाला म्हणजे झालं. लॅबचा घेणार असाल तर बिलावर मोघम "डायमंड रिंग" नको, "लॅब ग्रोन डायमंड" हे शब्द, कॅरट, रिपोर्ट नंबर, सोन्याचं नेट वजन आणि बायबॅक (दुकानदाराने परत घेतल्यास मिळणारी रक्कम) किती टक्के, हे सगळं लिहून घ्या, समोरचा कितीही वेळा "ताई, विश्वास ठेवा" म्हणाला तरी.