निर्वात विद्युत् विभंग

निर्वातात ठेवलेल्या दोन विद्युत् अग्रांमधील विद्युत् दाब वाढवत नेला असता एका मर्यादेनंतर मधल्या पोकळीतून एकाएकी प्रवाह वाहू लागण्याची घटना. हवेतील ठिणगीचा प्लाझ्मा (आयनद्रायू; आयन व मुक्त इलेक्ट्रॉन यांचा विद्युत् वाहक वायू) हवेपासून बनतो. येथे तसे घडू शकत नाही: ०.०००१ पास्काल वायुदाबाला रेणूंचा सरासरी मुक्त पथ (दोन टकरींमधील सरासरी अंतर) सुमारे ६० मी. असतो आणि अग्रांमधील अंतर काही मिमी. त्यामुळे प्लाझ्माला लागणारे द्रव्य अग्रांच्या पृष्ठभागावरूनच यावे लागते.

ते नेमके कोठून येते, यावर मतभेद आहेत. गुळगुळीत भासणाऱ्या ऋणाग्रावरही (ऋण विद्युत् अग्रावरही) सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांच्या टोकाशी विद्युत् क्षेत्र शेकडो पटींनी वाढू शकते. अशा क्षेत्रात थंड धातूतूनही इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्याचा सिद्धांत फाउलर व नॉर्डहाइम या भौतिकीविज्ञांनी १९२८ मध्ये मांडला. डाइक व ट्रोलन यांच्या टंगस्टनच्या सुयांवरील प्रयोगांत (१९५३) प्रवाहघनता ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच निर्वात प्रज्योत (निर्वातातील अखंड विद्युत् ठिणगी) पेटली. टोक तापून बाष्परूप होते व ते बाष्प आयनित होते, असा याचा अर्थ लावला जातो. मेस्यात्स प्रभृतींनी १९६० नंतर या स्फोटक उत्सर्जनाचा पाठपुरावा केला. ऋणाग्रावरील प्लाझ्मा सेकंदाला सुमारे २० किमी. वेगाने पसरतो, म्हणजे १ मिमी. अंतर तो ५० नॅनोसेकंदांत ओलांडतो. मागे सूक्ष्म विवरे उरतात. क्रॅनबर्ग यांच्या मते (१९५२) मात्र पृष्ठभागावरील सैल कण समोरच्या अग्रावर आदळून विभंग सुरू होतो. मोठ्या अंतरांत विभंगदाब अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, याची संगती या मताने चांगली लागते. अल्प अंतरांसाठी विभंग ऋणाग्रापासून सुरू होतो हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि शेकडो पट क्षेत्रवाढ देतील इतके टोकदार उंचवटे स्वच्छ पृष्ठांवर बहुधा आढळत नाहीत. म्हणून ऑक्साइडचे थर व अधातू कण यांनाही उत्सर्जनाचे मूळ मानले जाते.

खानदेशात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यासह जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्रांत, तसेच भुसावळच्या शेडमधील २५ किलोव्होल्ट रेल्वे इंजिनांच्या छपरावर निर्वात खंडक (निर्वातात स्पर्शक विलग करून विद्युत् प्रवाह तोडणारे स्विच; बोलीत ‘व्हीसीबी’) असतात. त्यांचे स्पर्शक बहुधा तांबे-क्रोमियमचे असतात. ते विलग होताना शेवटचा धातुसेतू वितळून प्लाझ्मा तयार होतो. उच्च क्षेत्राची वाट येथे पाहावी लागत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह शून्यावर येताच बाष्प स्पर्शकांवर व त्यांच्याभोवतीच्या धातूच्या ढालीवर गोठते आणि पोकळी पुन्हा विद्युत् दाब पेलू लागते.