कासवाचं अंडं उलटू देऊ नका

कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंच्या पीळदार धाग्यांनी तोलून धरलेला असतो. म्हणून कोंबडी अंडी वरचेवर फिरवते तरी चालतं. कासवाच्या अंड्यात हे धागेच नसतात. अंडं घातल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत गर्भ वरच्या बाजूला सरकतो आणि तिथल्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबून मरू शकतो. घरी उबवलेली अंडी वाया जाण्यामागे ही चूक अनेकदा असते.

म्हणून मादीने अंड्यांवर लोटलेली माती चमच्याने हलकेच बाजूला करा आणि अंडं उचलण्याआधीच त्याच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने फुली मारा. पेन नको, कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, शाई आत मुरते. फुली शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे.

डब्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं, भुसभुशीत खनिज) भरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाण्याचा थेंब गळू नये. त्यात अंडं अर्ध्यापर्यंत रुतवा. फार ओलं झालं तर अंडं पाणी शोषून तडकतं, फार कोरडं झालं तर आतला गर्भ सुकतो. हवेतली आर्द्रता ७० ते ८० टक्के पुरते.

हा डबा ठेवायची उबवणपेटी थर्माकोलची चालते. तळाशी ८-१० सेंटीमीटर पाणी, त्यात पूर्ण बुडणारा मत्स्यालयाचा हीटर, पाण्याच्या वर डोकं काढणाऱ्या दोन विटा आणि विटांवर अंड्यांचा डबा. झाकणाची काच तिरकी ठेवा, म्हणजे वाफेचे थेंब अंड्यांवर न पडता कडेने ओघळतील. पाणी कमी होऊन हीटर उघडा पडला तर तो फुटतो. हात घालण्याआधी प्लग काढाच.

तापमान मोजायचं ते अंड्यांच्या उंचीवर, आणि वेगळ्या थर्मामीटरने. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, तो पाण्याचा असतो. हवा त्याहून थंड असते. सुरू करण्याआधी पेटी दोन दिवस रिकामी चालवून बघा.

हर्मनचं कासव आणि ग्रीक कासव या भूकासवांना (जमिनीवर राहणाऱ्या कासवांना) ३० ते ३२.५ अंश सेल्सिअस मानवतं. पिल्लू साधारण ५५ ते ७५ दिवसांत बाहेर येतं. पिल्लांचं लिंगही याच तापमानावर ठरतं: ३१.५ अंशांच्या आसपास नर-मादी दोन्ही निघतात, त्याखाली बहुतेक नर, वर बहुतेक माद्या. हा निर्णय उबवणीच्या मधल्या तृतीयांश काळात होतो. माद्या हव्यात म्हणून ३४ अंशांवर जाणं मात्र घातक. पाठीवरचे खवले वेडेवाकडे होतात, गर्भ मरतात. लेपर्ड कासवासारख्या काही जातींच्या अंड्यांना आधी गारव्याचा काळ लागतो, तेव्हा जात नक्की ओळखूनच आकडे ठरवा. आणि सगळी भूकासवं साइट्स करारात (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात) येतात. पाळण्याचा परवाना आधी बघा.

दोन-तीन आठवड्यांनी अंधारात अंडं न हलवता त्याला छोटी बॅटरी लावा. लालसर शिरांचं जाळं दिसलं तर गर्भ वाढतो आहे. नुसता पिवळा उजेड दिसला तरी लगेच फेकू नका. दुर्गंधी आली किंवा अंडं पाझरू लागलं, तरच काढा.

पिल्लू नाकाजवळच्या टोकदार दाण्याने कवच फोडतं आणि मग एक ते तीन दिवस तसंच बसून राहतं. इथे कवच सोलायचा मोह होतो. पण त्या वेळी पोटाखाली बलकाची पिशवी अजून लोंबत असते. ती आत ओढली जायला हवी, फाटली तर पिल्लू दगावतं. बाहेर आलेलं पिल्लू ओल्या टिश्यूवर त्याच पेटीत ठेवा. पोट बंद झालं की हनुवटी पाण्याबाहेर राहील इतक्या उथळ कोमट पाण्यात १० मिनिटं सोडा. बहुतेक पिल्लं लगेच मान लांबवून पाणी पितात.