हळदीचे पेटंट

जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत २८ मार्च १९९५ रोजी मिळालेले आणि भारताच्या हरकतीनंतर १९९७ मध्ये फेटाळले गेलेले पेटंट (एकस्व), क्रमांक ५४०१५०४. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे होते.

अमेरिकेने हळदच आपल्या नावावर करून घेतली होती, असा समज सांगलीसारख्या हळदीच्या पेठेतही भेटतो. पण पेटंट म्हणजे सातबारा नव्हे. नव्या वस्तूवर किंवा नव्या कृतीवर ठरावीक मुदतीपुरता (भारतात २० वर्षे) मिळणारा तो हक्क असतो, आणि देणाऱ्या देशाच्या हद्दीबाहेर तो चालत नाही. वाळवा तालुक्यातल्या एखाद्या आजीने नातवाच्या फुटलेल्या गुडघ्यावर हळद दाबली असती, तर या पेटंटाने तिला अडवता आले नसते.

मग ते रद्द करायला एवढा खटाटोप का? कारण त्यावेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातला नुसता वापर धरला जात नसे. छापील पुरावा लागे. घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट कागदावर दाखवावी लागली. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये सगळे दावे फेटाळले गेले. पुढे याच अनुभवातून भारताने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय संग्रह उभारला.

‘सांगलीच्या हळदीला पेटंट मिळाले’ हे वाक्यही दुरुस्त करायला हवे. २०१८ मध्ये मिळाले ते भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावू देणारा हक्क. ते एका संशोधकाचे नसते, त्या प्रदेशातल्या उत्पादकांचे असते. दर १० वर्षांनी त्याचे नूतनीकरण करता येते.

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवण्याची पेवे आहेत. तोंड अरुंद, पोट मोठे, अशी ही जमिनीतली कोठारे. तोंड बंद केले की आतला प्राणवायू कमी होत जातो आणि किडीला जगता येत नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेतू शकते, म्हणून आधी हवा खेळू देतात. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मराठीला अशाच कोठारांनी दिला. हा अस्सल शोध आहे, पण शोध लावणाऱ्याचे नाव कुठेही नाही. जागा कशी निवडायची, माती कशी पारखायची हे ज्ञान पेव खणणाऱ्यांच्या हातात आहे, आणि हळदीच्या प्रकरणानंतर तरी ते तपशिलाने लिहून ठेवणे निकडीचे आहे. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी अनेक पेवांत शिरले, हळद कुजली, आणि व्यापारी गोदामांकडे वळले.