मण्यार चावली की पापण्या का मिटतात?

पावसाळ्यात तीच बातमी परत परत येते, जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावली, ना सूज ना फारसं दुखणं, म्हणून आधी भगताकडे नेलं आणि दवाखाना गाठेपर्यंत श्वास थांबला. लोक म्हणतात विष मेंदूत चढलं. तसं नाहीये, विष अडवतं ते नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर, म्हणजे सिनॅप्सवर. (नस म्हणजे इथे चेतातंतू, रक्ताची नाही.)

आपल्याला वाटतं नसा म्हणजे घरातलं वायरिंग. पण नस संपते तिथे आणि स्नायूच्या मध्ये फट असते, साधारण 50 नॅनोमीटर, एका मिलिमीटरचे 20 हजार भाग केले तर त्यातला एक, आणि करंट ती ओलांडत नाही. मग निरोप जातो कसा? मला तर हे कितीदाही वाचलं तरी भारी वाटतं! नसेच्या टोकात बारीक पिशव्या भरून तयार असतात, एकेकीत ॲसिटिलकोलिन या निरोप नेणाऱ्या रसायनाचे हजारो रेणू, करंट आला की टोकावरची कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं, त्यासरशी पिशव्या पडद्याला चिकटून उघडतात आणि माल फटीत ओततात, पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला, दोन रेणू चिकटले की त्याचं दार उघडून सोडियम आत शिरतो आणि स्नायू आखडतो. फट पार व्हायला मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. लगेच एक एन्झाइम उरलेलं ॲसिटिलकोलिन तोडून टाकतं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी.

नसा रसायन सोडतात हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एकाची नस चेतवून ठोके मंदावले, त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्यावर घातलं तर तेही मंदावलं.

आता मण्यारीचं विष. त्यातला एक घटक रिसेप्टरवर ठाण मांडतो, दुसरा त्याहून वाईट, तो नसेच्या टोकात शिरून पिशव्या रिकाम्या करतो आणि टोकच मोडतो. पापण्या आधी पडतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू. मंत्राने उतरलं म्हणतात तेव्हा साप बिनविषारी असतो किंवा त्याने विष सोडलेलंच नसतं, खऱ्या दंशात तो वेळ जीव घेतो, सरळ 108 ला फोन करा. प्रतिविष रक्तातलं विष पकडतं, मोडलेलं टोक काही जोडत नाही, म्हणून ते लवकर मिळायला हवं. उशीर झाला तर व्हेंटिलेटर श्वास चालू ठेवतो आणि तेवढ्या दिवसांत टोकं हळूहळू परत वाढतात, मग एक दिवस पेशंट स्वतःहून डोळे उघडतो.